कडी लावलेले नाणे : उसन्या चिन्हांचा नैतिक प्रश्न

'मुद्रा' या एका शब्दात मराठीने नाणे, शिक्का, चेहऱ्यावरचा भाव आणि वैष्णवाच्या अंगावरचा गोपीचंदनाचा ठसा एवढे सारे सामावून घेतले आहे. या सर्व अर्थांमध्ये समान असे काही असेल, तर ते हे की कोणीतरी कशावर तरी खूण उमटवतो आणि त्या खुणेची जबाबदारी घेतो. शिक्का ज्याचा, हुकूम त्याचा. नाणे ज्याच्या नावाचे, त्याची पत पणाला लागलेली. मुद्रा आहे पण तिच्यामागे जबाबदारी घेणारा कोणीच नाही, अशी अवस्था कल्पिली तर त्या मुद्रेला काय म्हणावे, हा प्रश्न चिन्हमीमांसेचा आहे, त्याचप्रमाणे नीतिमीमांसेचाही आहे. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित आणि वरवर पाहता क्षुल्लक अशा वस्तूच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. ही वस्तू म्हणजे प्राचीन इजिप्तची चिन्हे असलेली, केवळ संग्रहासाठी पाडली जाणारी चांदीची नाणी.

या नाण्यांचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे. एका बाजूवर 'आंख' हे जीवनचिन्ह, होरसचा डोळा, पवित्र भुंगा किंवा कोल्ह्याच्या मस्तकाचा अनुबिस. चांदी ९९९ कसाची. वजन बहुधा एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. ही नाणी इजिप्तच पाडतो असे नाही. संग्राहकांच्या बाजारातील अशा प्रकारची पुष्कळ नाणी निऊए, तुवालू यांसारख्या प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांच्या नावाने निघतात आणि प्रत्यक्षात पोलंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या देशांतील टांकसाळींत पाडली जातात. निऊएची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे आणि तेथील बाजारहाट न्यूझीलंडच्या डॉलरवर चालते. म्हणजे एका बाजूला फाराओंचे दैवत, दुसऱ्या बाजूला बहुधा इंग्लंडच्या राजसत्तेचा मुखवटा, कडेला एका बेटाचे नाव आणि नाणे मात्र यांपैकी कोणाच्याच हातात पडावयाचे नाही. ते पारदर्शक डबीत बसते. सोबत प्रमाणपत्र असते, त्यावर 'मर्यादित संख्येतील अमुक क्रमांक' असे छापलेले असते आणि चिन्हाचा अर्थ सांगणारी चिठ्ठीही असते : आंख म्हणजे चिरंतन जीवन, डोळा म्हणजे संरक्षण. अर्थ नाण्याबरोबरच पोचता होतो. तो कोणी शोधावा लागत नाही.

यावर सहज सुचणारा आक्षेप असा की, ही परक्या धर्माच्या पवित्र चिन्हांची विटंबना आहे. पण हा आक्षेप फार दूर जात नाही. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील देवळात इ. स. ३९४ मध्ये कोरला गेला. पुढे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या काळात ते देऊळही बंद झाले. ज्यांच्या भावना दुखावतील असा अनुबिसाचा उपासकवर्ग आज नाही. एखाद्याने म्हणावे की मृत श्रद्धावंतांविषयीही आपले काही कर्तव्य असते. ते मला मान्य आहे. मात्र त्या कर्तव्याचे स्वरूप 'भावना न दुखावणे' असे असू शकत नाही, कारण दुखावण्यासाठी कोणी उरलेले नाही. ते काय असू शकेल, याचाच शोध घ्यावयाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे. चिन्हकापासून चिन्हित तुटले, अर्थ रिता झाला आणि उरली ती केवळ नक्षी, असे तो म्हणतो. नाण्याची उपमा पाश्चात्त्य विचारात या संदर्भात वारंवार आलेली आहे. भाषिक मूल्य समजावताना सोस्यूरने पाच फ्रँकच्या नाण्याचे उदाहरण घेतले : त्या नाण्याने पाव विकत घेता येतो आणि त्याची तुलना एक फ्रँकशी करता येते, मूल्य या दोन संबंधांतून सिद्ध होते, धातूतून नव्हे. नीत्शेने १८७३ च्या आपल्या निबंधात सत्यांना चित्र झिजून गेलेल्या नाण्यांची उपमा दिली. आनातोल फ्रान्सच्या संवादातील एक पात्र तत्त्वज्ञांना सहाणेवर नाणी घासून त्यांवरचे लेख पुसणाऱ्या कारागिरांच्या पंक्तीत बसवते आणि देरिदाने १९७१ च्या 'श्वेत पुराणकथा' या निबंधात तीच गोष्ट उचलून रूपकाच्या झिजेविषयी आपले विवेचन उभे केले. या साऱ्या परंपरेत नाण्याचे दुःख एकच आहे : ते हातोहात फिरते, म्हणून झिजते, म्हणून त्यावरची प्रतिमा नाहीशी होते.

आपल्या समोरच्या नाण्याचे दुःख याच्या नेमके उलट आहे. त्यावरची प्रतिमा कधीच झिजणार नाही. तिला बोट लागू नये अशी व्यवस्था टांकसाळीतूनच करून दिलेली आहे. झीज ही अर्थाची शत्रू मानणाऱ्या सिद्धान्ताकडे या वस्तूविषयी बोलण्यासारखे फारसे काही नाही, असे मला वाटते.

मुळात उसनवारी हाही गुन्हा मानता येत नाही, कारण नाण्यांच्या इतिहासात उसनवारीखेरीज दुसरे फारसे काही नाही. स्वतः प्राचीन इजिप्तने आपल्या प्रदीर्घ इतिहासातील बहुतांश काळ नाणे वापरलेच नाही. किमती 'देबेन' या वजनात मोजल्या जात. नवराज्याच्या काळात एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचे होते, आणि खाट असो की गाढव, तिचे मोल तांब्याच्या देबेनमध्ये सांगून बदल्यात दुसरा जिन्नस दिला जाई. चांदी तेथे बाहेरून येई आणि दीर्घकाळ सोन्याहून दुर्मीळ होती. देवांचे मांस सोन्याचे आणि अस्थी चांदीच्या अशी तेथील समजूत होती; तानिस येथे १९४० मध्ये सापडलेली पहिल्या प्सुसेन्नेसची शवपेटी अखंड चांदीची आहे, हे वैभव त्या पार्श्वभूमीवर पाहावे. चित्रलिपीची अक्षरे असलेले नाणे तेथे निघाले ते इ. स. पूर्व चौथ्या शतकात, आणि तेही सोन्याचे : एका बाजूस घोडा, दुसऱ्या बाजूस 'उत्तम सोने' अशा अर्थाची दोन चिन्हे. ते बहुधा भाडोत्री ग्रीक सैनिकांच्या पगारासाठी होते. उलट 'आंख' हे चिन्ह चांदीच्या नाण्यावर त्याही आधी आले ते इजिप्तबाहेर, सायप्रसमधील सलामिस येथे. एवेल्थोनच्या घराण्याच्या, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या नाण्यांवर एका बाजूस मेंढा आणि दुसऱ्या बाजूस हे चिन्ह आहे. तेव्हा आंखवर इजिप्तचा अनन्य हक्क आहे आणि चांदीवर ते कोरणे हे आजच्या बाजाराचे पाप आहे, असे म्हणणाऱ्याला अडीच हजार वर्षे मागे जाऊन सलामिसच्या राजालाही दोषी धरावे लागेल.

आपल्याकडची उदाहरणे याहून बोलकी आहेत. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांच्या एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक लिपीतला मजकूर, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, चैत्य आणि तथाकथित उज्जयिनीचिन्ह, पुन्हा ठोकली. नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो की या राजाने क्षहरातांचा वंश निःशेष केला. वंश निःशेष केला, पण चांदी वितळवली नाही. शत्रूचा चेहरा नव्या ठशाखालून अजून दिसतो : नाक एका वर्तुळाने कापलेले, डोळ्यावर चैत्याची कमान. येथे चिन्हावर चिन्हाने केलेला उघड आघात आहे, तो हिंस्र आहे, आणि तरीही तो अनैतिक उसनवारीचा नमुना वाटत नाही. का? कारण ज्याने ठसा मारला त्याने आपले नाव पणाला लावले. हे नाणे स्वीकारा, मी जबाबदार आहे, असे तो ठसा म्हणतो.

क्षत्रपांच्या त्या ग्रीक अक्षरांची पुढची कथाही मनोरंजक आहे. पिढ्यांमागून पिढ्या ठसे कोरणाऱ्यांना ग्रीक येईनासे झाले, तरी मुखवट्याभोवती अक्षरांसारखे काहीतरी कोरलेच पाहिजे ही रूढी राहिली. मजकूर मोडला, मग नुसत्या रेघा उरल्या. गुप्तांनी क्षत्रपांचा प्रदेश जिंकल्यावर त्या धर्तीची चांदीची नाणी पाडली, तेव्हा त्यांवरही या निरर्थक अक्षरांचे अवशेष टिकून राहिले. अर्थशून्य चिन्हाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. पण त्या रेघा 'हे नेहमीचेच नाणे आहे' एवढे सांगत होत्या आणि बाजारात एवढे सांगणे पुष्कळ असते. ईस्ट इंडिया कंपनीनेही शाह आलमच्या नावाचा, त्याच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष दाखवणारा रुपया बादशहाच्या मृत्यूनंतरही चालू ठेवला. १८३५ मध्ये कंपनीने एकसारखा रुपया आणला तेव्हा तो प्रकार थांबला. मराठ्यांच्या टांकसाळींतूनही बादशहाच्या नावाचेच रुपये निघत आणि अंकुशासारखी एखादी खूण आपली म्हणून घातली जाई. चिन्ह रिते आहे हे ठाऊक असूनही ते वापरणारे हे सारे लोक होते. रितेपणामुळे कोणाची फसवणूक होत नव्हती.

तेव्हा विटंबना नाही, उसनवारी नाही, रितेपणही नाही. मग या डबीबंद नाण्यात खटकते ते काय? उत्तरासाठी मला वऱ्हाडातल्या एका साध्या वस्तूकडे वळावेसे वाटते.

नांदगाव खंडेश्वरसारख्या अमरावती जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी कापसाचे पैसे हाती आले की त्यांतला काही भाग सराफाकडे जातो, हा तेथील शेतीच्या अर्थकारणाचा जुनाच शिरस्ता. या व्यवहारात चांदीचा एक प्रकार फार मानाचा : राणीछाप रुपया. व्हिक्टोरियाचे चित्र असलेला, ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला. १८६२ पासून त्यावर ती 'राणी' आहे आणि १८७७ पासून 'सम्राज्ञी'. १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाचे दर्शनी मूल्य त्यातल्या चांदीच्या मोलावर चढले. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात ज्या चलनव्यवस्थेची चिकित्सा केली, ती याच घडामोडींतून आकाराला आली होती. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. त्यानंतर जुन्या रुपयावरच्या राणीचा अर्थ बदलला. ती साम्राज्याची खूण राहिली नाही; ती शुद्धतेची खूण झाली. 'राणीछाप आहे' याचा अर्थ 'चांदी खरी आहे' एवढाच उरला. जिच्या राज्यात सारा वसूल झाला, जिच्या कारकिर्दीच्या अखेरीस वऱ्हाडाने भीषण दुष्काळ पाहिला, तिचा चेहरा धनत्रयोदशीला लक्ष्मीच्या पाटावर हळदकुंकू लावून घेऊ लागला. यात उपरोध आहे. पण तो उपरोध पूजा करणाऱ्या गृहिणीच्या ध्यानात आला नसेल असे समजण्याचा उद्धटपणा समीक्षकाने करू नये.

आणि मग त्या रुपयाला कडी लागते. सोनार नाण्याच्या कडेला डाग देऊन कडी जोडतो, नाणे माळेत ओवले जाते. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत आणि वस्त्रांवर अशी नाणी पिढ्यान्पिढ्या आहेत. गावोगावच्या स्त्रियांच्या गळ्यातही होती. नाणेसंग्राहकाच्या लेखी कडी हा दोष आहे. डाग दिलेल्या नाण्याची किंमत उतरते. सराफ मात्र कडीसकट तोलतो, कडीची चांदी हिणकस असेल तर तेवढी तूट धरतो आणि पुढे जातो. त्या नाण्याची मालकीण कडीकडे पाहते तेव्हा तिला आणखी काही दिसते : हे आईने दिले, हे तेव्हा मोडले नाही, हे पुढे मुलीला द्यायचे. चिन्ह येथे तिसऱ्यांदा अर्थवान झाले आहे आणि या वेळी तो अर्थ एका व्यक्तीच्या नावाला जोडला गेला आहे.

माझा मुद्दा असा की, चिन्हाचा नैतिक वापर कोणता हे त्याच्या मूळ अर्थाशी असलेल्या इमानावरून ठरत नाही. ते चिन्ह कोणावर काही हक्क सांगते का, आणि त्या हक्काच्या खुणा स्वतःच्या अंगावर उमटू देते का, यावरून ते ठरते. गौतमीपुत्राचा ठसा, राणीछापाची कडी, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाचे रोजच्या स्नानाने आणि घासण्याने पुसट होत गेलेले नाकडोळे, या तिन्ही क्षतीच आहेत. आणि त्या तिन्ही साक्षीही आहेत.

प्राचीन इजिप्शियनांना हे आपल्याइतकेच कळत होते. प्रेताच्या छातीवर ठेवल्या जाणाऱ्या हृदयभुंग्यावर मृतांच्या ग्रंथातला एक मंत्र कोरलेला असे. त्यात मृत माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो की, न्यायाच्या वेळी तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हे एका विशिष्ट माणसाचे आपल्या हृदयाशी बोलणे आहे. म्हणून मंत्रात त्या माणसाचे नाव यावे लागे. हे भुंगे आणि ग्रंथांच्या गुंडाळ्या एकेकट्या घडवल्या जात असे मुळीच नव्हे. ते तयार करून ठेवणाऱ्या कार्यशाळा होत्या. संख्येने पुष्कळ पाडणे हा आधुनिक बाजाराचाच दोष आहे, अशी हळहळ त्यामुळे निरर्थक ठरते. परंतु त्या तयार गुंडाळ्यांत नावासाठी जागा कोरी सोडलेली असे. गिऱ्हाईक आले की लेखक ती भरी. आजच्या नाण्याच्या प्रमाणपत्रावरही एक जागा सोडलेली असते, पण तीत क्रमांक येतो. नाव आणि क्रमांक यांतला फरक एवढाच की, नावाने हाक मारता येते. क्रमांक विकत घेणाराचा नसून वस्तूचा असतो. नाणे पुन्हा विकले की तो जसाच्या तसा पुढच्याकडे जातो.

चिन्हाला पावित्र्य कशाने येते याविषयी वऱ्हाडच्या भूमीत एक अतिशय काटेकोर विचार झालेला आहे, आणि आपल्या चिन्हमीमांसकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. नांदगाव खंडेश्वरपासून फार दूर नसलेले रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. महानुभावांनी इतर देवतांच्या मूर्तींची उपासना नाकारली, पण परमेश्वरावतारांच्या 'संबंधा'ने पावन झालेल्या स्थानांना आणि पाषाणांना वंदन केले. त्या दगडावर कोणतीही प्रतिमा नसते. तो कशासारखा दिसतो हा प्रश्नच नाही. त्याला कोणाचा स्पर्श झाला हा प्रश्न आहे. साम्यावर आधारलेले चिन्ह आणि संबंधावर आधारलेले चिन्ह असा जो भेद पाश्चात्त्य चिन्हमीमांसेत पर्सने केला, तो येथे आचारधर्म म्हणून सातशे वर्षे जगला गेला आहे. याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांतून त्या बाहेरच्या वाचकाला उलगडल्या. किल्ली गुरुपरंपरेकडे होती, म्हणून चिन्हाचा अर्थ झाकलेला असूनही त्याची मागणी जिवंत होती : तो वाचण्यासाठी आधी कोणाचे तरी शिष्य व्हावे लागे. डबीतल्या नाण्यावरचा आंख कोणालाच शिष्य करीत नाही. त्याची किल्ली चिठ्ठीवर छापलेली आहे.

खुद्द नांदगावच्या खंडेश्वराच्या देवळाशी निगडित, यादव कृष्णाच्या काळातील शके ११७७ चा शिलालेख आहे. देवळात येणाऱ्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. त्यांचे त्यावाचून अडत नाही आणि लेखाचेही नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. वापर आणि झीज यांची ही तरफदारी शेवटपर्यंत नेली, तर नाणेशास्त्राचेच मरण ओढवेल. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या दीड हजारांवर पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला आणि कुंभ, कर्ण अशा राजांची नावे त्या नाण्यांतून पुढे आली. ती नाणी कोणी मोडीत घातली असती तर हे राजे आपल्याला मिळाले नसते. जपणूक हीही नैतिक कृती आहे, हे निर्विवाद. मात्र तऱ्हाळ्याचे नाणे एकदा जगून झालेले आहे. कोणीतरी ते पुरले तेव्हा पुन्हा काढून खर्चण्याच्या आशेने पुरले. संग्रहालय त्याचे आयुष्य संपल्यावर त्याला वाचते. आपल्या समोरचे नाणे थेट संग्रहालयातच जन्माला आले आहे; त्याला वाचण्यासारखे काही घडलेले नाही आणि घडू नये अशीच तजवीज आहे. दोन हजार वर्षांनी ते उकरून काढणाऱ्याला आमच्याविषयी बरेच काही कळेल, यात शंका नाही. आंखविषयी काहीच कळणार नाही.

हा सारा विषय वाङ्मयसमीक्षेच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. मागच्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मराठी समीक्षेत संरचना, संहिता, विरचना, आंतरसंहितात्मता अशा संकल्पनांची मोठी आवक झाली. त्या परक्या होत्या यावर पुष्कळ वाद झाले. देशी-परदेशीचा तो वाद मला नेहमीच चुकीच्या जागी झाल्यासारखा वाटतो. जोगळटेंभीच्या नाण्यांचा देश कोणता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. प्रश्न असा आहे की, आपण त्या संकल्पनांना कडी लावली का? एखाद्या अभंगावर, लीळेवर, वऱ्हाडी म्हणीवर त्यांचा ठसा मारताना संकल्पनाच चेपली, वाकली, तिचा कड घासला गेला, असे किती वेळा घडले? बहुतेक प्रबंधांत ती पहिल्या प्रकरणात व्याख्येच्या चिठ्ठीसह येते आणि शेवटच्या प्रकरणातून एकही ओरखडा न पडता बाहेर पडते. प्रबंध तपासणाराला हे निष्कलंकपण बहुधा गुणच वाटते. उलट अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'त (२००३) अलेक्झांड्रियाची हायपेशिया येते, ती व्याख्येसह येत नाही. तिच्याविषयी बोलताना मराठी वाक्यालाच काहीतरी सोसावे लागते, आणि त्या सोसण्यातून ती आपल्या भाषेची होते.

नांदगावच्या सराफाकडे आंखचे चांदीचे नाणे कोणी नेलेच, तर तो चित्राविषयी काही विचारणार नाही. कस पाहील, वजन करील, मोडीचा भाव सांगेल. पण वजन करण्यासाठी त्याला ते आधी डबीतून काढावे लागेल, कसोटीवर घासावे लागेल. आणि डबी उघडून एक रेघ पडली की संग्राहकाच्या बाजारात त्याच नाण्याला बट्टा लागतो.